आत्याच्या गाडीचे जादा पाटे

आत्या, पाटे काढले.

तुला हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं. घरात तुझ्याशी गाडीवरून भांडणारी मी एकटीच, म्हणून मी सांगते. आपल्या पिकअपच्या मागच्या दोन्ही चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानींमधले ते जादा पोलादी पाटे, तुझ्या मालकांनी म्हणजे मामांनी विटा वाहायला घातलेले, गॅरेजवाल्या शौकतभाईंनी काढले. गंजून एकमेकांना इतके धरून बसले होते की बोल्ट कापावे लागले. मी शेजारीच उभी होते. तुला आवडलं नसतं. तू गॅरेजच्या बाहेर जाऊन उभी राहिली असतीस आणि तिथूनच म्हणाली असतीस, "काढा, काढा. उद्या गाडी बसली की मला हाक मारू नगा."

गणपतीच्या आधीपासून आपला हा वाद चालू होता. तू दवाखान्यात निघालीस त्या सकाळीही तो मिटलेला नव्हता. तू चपला घालत होतीस तेव्हा मी परत विचारलं, तर "आल्यावर बघू" म्हणालीस. तुझं "बघू" म्हणजे "नाही", एवढं मला तुझ्याकडं राहून कळलं होतं. पण "आल्यावर" हा शब्द मी खरा धरला होता.

भेटायला येणारे लोक तुझ्याबद्दल मोठं मोठं बोलतात. धीराची बाई, नवऱ्यामागं गाडी हाकली, पोराला फौजेत घातलं. ते सगळं खरंच आहे. मी मान हलवते, चहा देते. पण त्या बोलण्यात मला तू सापडत नाहीस. तू सापडतेस ती गाडीत, स्टिअरिंगला छाती टेकवून बसलेली, समोरच्या काचेवरचा डाग पदरानं पुसणारी.

पहिल्यांदा त्या गाडीत बसले तो दिवस आठवतो. बारावी झाली होती. आमच्या आटपाडीकडच्या घरात कॉलेज कुणी पाहिलेलं नव्हतं. वडील मला सोडायला कराडच्या स्टँडपर्यंत आले आणि पुढं काय करायचं असतं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते नुसते माझ्या पेटीजवळ उभे राहिले. तू पिकअप घेऊन आलीस, खाली न उतरताच दार उघडलंस आणि म्हणालीस, "दादा, जावा तुमी. हिला जेवाय मी घालीन. शिकायचं ती बघंल." वडिलांचा चेहरा तेव्हा कुठं सैल झाला. तू त्यांची धाकटी बहीण, पण त्या दिवशी तूच थोरली वाटलीस.

मलकापूरच्या गतिरोधकावर माझं डोकं गाडीच्या टपाला आपटलं. तू समोर बघतच म्हणालीस, "मान खाली घे गं रेश्मा. गाडी वळख करून घेतीया." पुढच्या गतिरोधकाला मी मान खाली घातली तर गुडघा डॅशबोर्डला लागला. "हां," तू म्हणालीस, "आता झाली वळख."

मागं हौद्यात वाळूची पोती होती. मला वाटलं, कुणाची तरी पोचवायची असतील. आठवडा गेला तरी ती उतरेनात. विचारलं तर म्हणालीस, "ते व्हय? ते माझं बिनभाड्याचं पाव्हणं हायत."

मग हळूहळू मला समजत गेलं. मामा फौजेतून आल्यावर त्यांनी ही जुनी गाडी घेतली आणि विटांच्या भट्टीवर लावली. विटांचं वजन पेलावं म्हणून मागं जादा पाटे घालून घेतले. ते गेले आणि गाडी तुझ्या दारात राहिली. तू ती शिकलीस आणि विटा सोडून उसाची रोपं वाहायला लागलीस. मलकापूरच्या पलीकडच्या रोपवाटिकेतून रोपं भरायची आणि पलूस, तासगाव, कधी फलटणपर्यंतच्या शेतकऱ्यांना पोचवायची. वीतभर रोप, मुळाशी चिमूटभर काथ्याचा भुसा, असले ट्रे लोखंडी मांडणीवर एकावर एक. उंचीला भरपूर, वजनाला काहीच नाही. विटांसाठी केलेल्या कमानी एवढ्याशा वजनाला वाकतच नव्हत्या. खड्डा आला की गाडी लाकडी पाटासारखी उडायची. ती उडू नये म्हणून तू वाळू भरायचीस.

आपल्याकडं सगळेच असं करतात, हे मी नंतर पाहिलं. गाडी कडक झाली म्हणून कुणी पाटा काढत नाही, वाळू टाकतात. पाटा घालणं म्हणजे गाडीची ताकद वाढली. काढणं म्हणजे गाडी म्हातारी झाली. शौकतभाई एकदा तुला म्हणालेही होते, "वहिनी, गाडी विटांची हाय, तुमी भरताय रोपं." तू म्हणालीस, "मग रोपांनीच जरा दमानं घ्यावं."

वाळू टाकूनही रोपं हलायचीच. शेतावर पोचल्यावर शेतकरी काय करतो ते तू मला आधीच सांगून ठेवलं होतंस. तो कुठल्यातरी ट्रेमधलं एक रोप मानेला धरून उपसतो आणि झटकतो. मुळाशी भुशाचा गोळा तसाच राहिला तर ट्रे उतरवून घेतो. भुसा खाली सांडला तर आधी तुझ्या तोंडाकडं बघतो. तुझ्याकडं त्याच्यावर एकच उपाय होता. दर खेपेला हिशेबापेक्षा जादा ट्रे भरायचे आणि सांडलेल्यांच्या बदल्यात न बोलता देऊन टाकायचे. त्या ट्रेचं तुला कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. वाईट मलाच वाटायचं.

म्हणून मी एका संध्याकाळी तुला कमान समजावून सांगायला बसले. चौकटीपाशी टेबल ओढलं, माझी पट्टी टेबलाच्या कडेला अर्धी बाहेर ठेवली आणि टोकावर बोट दाबलं. पट्टी वाकली. "बघ आत्या, एक पाटा असला की असा वाकतो. खड्ड्याचा धक्का तो पोटात घेतो." मग मी तीन पट्ट्या रबरानं बांधल्या आणि परत दाबलं. वाकल्या नाहीत. "आता धक्का कुठं गेला? रोपांत गेला."

तू बराच वेळ पट्ट्यांकडं बघितलंस. मला वाटलं, पटलं. तू म्हणालीस, "मग तीनच बऱ्या की. मोडत न्हाईत."

"आत्या, मोडायचा प्रश्नच नाही."

"मोडायचा प्रश्न न्हाई म्हंतीस ते कशामुळं? तीन हायत म्हणून." आणि पट्ट्या माझ्या हातात देऊन भाकरी थापायला गेलीस. मी तिथंच बसून राहिले. भौतिकशास्त्राच्या वर्गात मला कधी इतकं अडल्यासारखं झालं नव्हतं.

चाकांवरून मात्र तू मला हरवलंस आणि मी ते तेव्हाच कबूल केलं होतं. विक्रमदादा फोनवर मागंच लागला होता. त्याच्या युनिटमधल्या कुणाच्या तरी गाडीचे फोटो पाठवायचा. "आई, चकचकीत मॅगव्हील टाकू. रुंद टायर. गाडी कशी दिसंल बघ." तू फोन लांब धरून म्हणालीस, "गाडी काय बघाय घेतलीया? चाकाला बुगड्या घालून कुठं मिरवू मी?" मीही दादाच्याच बाजूची होते. मॅगव्हीलची नाही, पण रुंद टायरची. जास्त हवा, म्हणजे जास्त मऊ, असा माझा साधा हिशेब होता.

मग ताकारीच्या पुढच्या त्या काळ्या रानातल्या वाटेवर आपल्याला ती नवी पिकअप भेटली. चारही टायर रुंद, चकचकीत, आणि चिखल चढून चढून लाडवासारखे गोल झालेले. जागेवर फिरत होते. तू दुसऱ्या गिअरमध्ये, एकदाही न थांबता, आपली बारीक जुनी टायरं त्याच चिखलातून काढलीस. ती चिखल कापत खाली कठीण जमिनीला टेकत होती. पलीकडं जाऊन गाडी उभी केलीस, दोर काढलास आणि त्या पोराची गाडी ओढून दिलीस. तो आभार मानत होता. तू म्हणालीस, "चाकं लय देखणी हायत रं. धुऊन घे, दिसतील."

तू दोर गुंडाळून सीटमागं टाकलास आणि गाडी पुढं काढलीस. मी म्हणाले, "ठीक आहे. टायर आहेत तेच राहू देत." तू म्हणालीस, "मी कुठं काय म्हणाली?" पण तू हसत होतीस, मला बाजूनं दिसत होतं.

त्या दिवसापासून वाद फक्त पाट्यांचा उरला. तुझं म्हणणं असं की मऊ गाडी वळणावर डुलते. डुलली की मांडणी कलंडते. माझं म्हणणं, शॉकअप नवे टाकले तर डुलणार नाही. "शॉकअपची हमी कोण, तू?" असं तू विचारायचीस. मला हमी देता यायची नाही. मी म्हणायचे, पुस्तकात असं आहे. तू म्हणायचीस, "पुस्तकातली गाडी वळती का?" राग यायचा. पण रात्री जेवताना तूच विचारायचीस, "मग ते शॉकअपचं काय म्हणत हुतीस?" आणि मी परत पहिल्यापासून सुरू करायचे.

आणि तुझी कंबर. लांबची खेप झाली की तू बाहेरच्या सोप्यात पालथी पडायचीस आणि मी कोपरानं दाबायचे. दुखणाऱ्या प्रत्येक जागेला तू एकेका खड्ड्याचं नाव ठेवलं होतंस. "जरा खाली. आणखी. हां, ही शेणोली. आता डावीकडं ये, तिथं पुलाजवळचा हाय." आपण दोघी हसायचो. एकदा असंच हसता हसता मी म्हणाले, "आत्या, पाटे काढले तर एवढं दुखणार नाही." तू उशीत तोंड खुपसून होतीस. तिथूनच म्हणालीस, "त्यांनी घातलेत गं."

त्याआधी तू मामांना या वादात कधी आणलं नव्हतंस. माझा हात थांबला. थोड्या वेळानं म्हणालीस, "चहा टाक." मी चहा टाकला. आपण त्यावर परत कधीच बोललो नाही. मी पाट्यांचं बोलत राहिले आणि तू डुलण्याचं. आता वाटतं, दोघींनाही ते सोयीचं होतं. मी तुला काय म्हणायला हवं होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित एवढंच, की मामांनी जे केलं ते बरोबरच होतं, आणि तुझं ओझं वेगळं आहे.

तू गेल्यावर दादा आला. तेरावं झालं. दोन दिवसांनी फलटणचा एक माणूस गाडी बघायला आला. त्याला विटांचाच धंदा करायचा होता. खाली वाकून त्यानं मागच्या कमानी पाहिल्या आणि खूश झाला. "पाटे घातलेले हायत. लय ब्येस. आहे तशीच द्या, काय काढू नगा." दादानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सुट्टी संपायच्या आत ठरवतो म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. तो सीमेवर, मी कॉलेजात, गाडी दारात उभी राहून काय करणार?

पण किसनआबांची खेप राहिली होती. पलूसकडचे आबा, दरवर्षी तुझ्याकडूनच रोपं घेणारे. तू त्यांना शब्द दिला होतास. पूर्वहंगामी लागणीसाठी त्यांच्या सऱ्या पाडून तयार होत्या. त्यांचा फोन आला तेव्हा मी दादाला विचारलं, "ही एक खेप मी नेऊ का?"

"ने की. तुला येती चालवाय."

मी म्हणाले, "अशी नाही नेणार."

"अशी म्हंजी?"

मी त्याला सांगितलं. पट्ट्या काढल्या नाहीत, नुसतं सांगितलं. तो उंबऱ्यावर बसून ऐकत होता. मी मधेच थांबले, कारण मला एकदम वाटलं, याची आई जाऊन महिना झाला नाही आणि ही बाहेरून आलेली पोरगी गाडी खोलायचं बोलतीय. मी म्हणाले, "दादा, नको असेल तर राहू दे." तो उठून अंगणात गेला. सकाळी गाडीची चावी घेऊन दारात उभा होता.

शौकतभाईंनी गाडी वर घेतली, खाली शिरले आणि तिथूनच विचारलं, "विक्रम, गिऱ्हाईक तर आहे तशी मागतंय म्हणं. काढू का?" मी दादाकडं पाहिलंच नाही. मला त्याच्या तोंडून "त्यांनी घातलेत" ऐकायचं नव्हतं. तो म्हणाला, "बाबांनी विटांसाठी घातले. आईनं एक तरी वीट न्हेली का?" शौकतभाई खालून म्हणाले, "मी कधी बघितली न्हाई." "मग काढा," दादा म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "गिऱ्हाइकाला पायजे असंल तर परत घालता येतील."

म्हणजे अजून ठरलेलं नव्हतं. एवढं मला समजलं. पण दुसऱ्या दिवशीची खेप मिळाली होती.

नवे शॉकअप टाकले. चाकं तुझीच ठेवली. दादानं मॅगव्हीलचं नाव काढलं नाही. शौकतभाईंनी चेष्टेनं विचारलं तर म्हणाला, "नगं. आई शिव्या देईल." शौकतभाईंच्या हातातला पाना थांबला, मग तेच पहिल्यांदा हसले.

वाळूची पोती उतरवली. रोपं भरली. दादा शेजारी बसला. आत्या, मला खोटं बोलायचं नाही. पहिला गतिरोधक ओलांडला तेव्हा मला रडूच आलं. गाडी खाली बसली आणि वर आली, एखाद्यानं श्वास घ्यावा तशी. मागं काही आपटलं नाही. टपाला डोकंही लागलं नाही. तुझ्या कंबरेला हे एकदा तरी मिळायला हवं होतं.

आणि शेणोली ओलांडल्यावरच्या वळणाला गाडी डुलली. चांगलीच डुलली. मागं मांडणी करकरली. शॉकअप नवे होते, तरी. मी गाडी बाजूला घेतली. दादा उतरून बघून आला. "कलंडलं काय न्हाई. पर वरचा कप्पा जड पडतोय." तू असतीस तर काय म्हणाली असतीस हे आम्हां दोघांनाही माहीत होतं, म्हणून आम्ही एकमेकांकडं पाहिलं नाही. वरच्या कप्प्यातले ट्रे काढले, काही खाली जागा करून बसवले, उरलेले दादानं मांडीवर घेतले. एवढा धिप्पाड माणूस, फौजेतली ताठ मान, आणि मांडीवर उसाची रोपं. पलूसपर्यंत तो हलला नाही. पुढच्या वेळेपासून एक कप्पा कमीच भरावा लागेल. म्हणजे तुझ्या एका खेपेच्या मालाला मला जास्त वेळा जावं लागेल. ते तुझ्या बाजूनं धर.

आबांनी आधी तुझ्याबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांनी सगळी मांडणी बघितली, मधल्या कप्प्यातलं एक रोप मानेला धरून उपसलं आणि झटकलं. भुसा सुटला नाही. दुसरं उपसलं. तेही तसंच. मग म्हणाले, "उतरवा."

ट्रे उतरवून झाल्यावर ते गाडीजवळ घुटमळत राहिले. "आज जादाचे न्हाईत व्हय?"

मी जरा अभिमानानंच म्हणाले, "आज लागणार न्हाईत, आबा. रोपं सांडलीच न्हाईत."

"ते दिसतंय की," आबा म्हणाले. "पर तुझी आत्या द्यायची. सांडली तरी द्यायची, न्हाई सांडली तरी द्यायची. कडंला चार सऱ्या मी त्याच रोपांच्या लावतोय दरसाल."

आत्या, मी इतके दिवस ते ट्रे नुकसान म्हणून धरत होते. ते नुकसान होतंच. पण तुझ्या हिशेबात ते देण्याच्या खात्यात गेलेलं होतं आणि ते मला कुठल्याच पट्टीवर दाखवता आलं नसतं. मी म्हणाले, "पुढच्या खेपेला आणते."

आबांनी दादाकडं पाहिलं. "पुढची खेप हाय म्हंजी?"

दादा हौद्याची फळी लावत होता. तो म्हणाला, "बघू."

तुझ्यासारखंच म्हणाला. मला वाटलं, झालं. आता ही गाडी फलटणला जाणार, परत पाटे घालणार, विटा वाहणार. मी गाडी परतीच्या रस्त्याला लावली. गाडी रिकामी होती. रिकामी असली की ती किती उडायची, तुला आठवत असेल. रिकाम्या परतीच्या रस्त्यावर आपल्याला धड बोलताही यायचं नाही, अर्धं वाक्य जिभेवर चावलं जायचं. आता ती नुसती चालत होती. दोन्ही बाजूंना ऊस, दुपारचं ऊन, आणि इंजिनाचा आवाज एवढाच.

ताकारीच्या पुढं मी सहज डावीकडं पाहिलं तर दादा झोपला होता. काचेला डोकं टेकवून, तोंड अर्धं उघडं. घरी आल्यापासून तो झोपलेला मी पाहिला नव्हता. रात्री उठलं की तो अंगणात बसलेला असायचा, दिवसा माणसांत उभा. रडलाही नव्हता. आता खड्डा आला की त्याचं डोकं थोडं काचेवरून सरकायचं आणि परत तिथंच यायचं. मी गिअर टाकताना आवाज होऊ देत नव्हते. शेणोलीच्या वळणाला तर इतकी हळू घेतली की मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून पुढं गेला.

घराचा फाटा आला. मी वळलेच नाही. सरळ मलकापूरकडं गेले, रोपवाटिकेच्या पुढं जाऊन गाडी फिरवली, परत फाट्यावर आले, परत पुढं गेले. डिझेल जळत होतं. तू मला ओरडली असतीस. पण मला वाटतं, तूही वळली नसतीस.

त्याचा फोन वाजला तेव्हा तो दचकून उठला. डोळे चोळून त्यानं बाहेर पाहिलं, घर मागं पडलेलं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी समोर बघत राहिले. फोन फलटणच्याच माणसाचा होता. तिकडून तो विचारत असणार की उद्या येऊ का, गाडी दारात आहे ना. दादानं मागं वळून रिकाम्या हौद्याकडं पाहिलं. मग घसा साफ करून म्हणाला, "गाडी हाय की. पर कामात हाय."

तिकडून आणखी काहीतरी विचारलं गेलं.

"न्हाई, न्हाई. थोड्या दिवसांचं न्हाई," दादा म्हणाला. "आमच्या रेश्माची वर्षभराची खेप लागलीया."

फोन खिशात ठेवून त्यानं बाहेर उसाकडं पाहिलं. मग म्हणाला, "पाटे लोहाराकडं टाक. कमानपाट्याचं पोलाद हाय, लागणीला उसाचं बेणं तोडाय कोयते चांगले हुतील. रोपवाटिकेतल्या बायकांना दे." आणि परत काचेला डोकं टेकवलं.

दादा परवा ड्युटीवर गेला. कोयते झाले आहेत. मामांचं पोलाद आता रोजच उसाला लागतं. तुला राग आलाच असेल तर त्या दोघांवर धर, दादावर आणि शौकतभाईंवर. मला उद्या कॉलेज झाल्यावर तासगावची खेप आहे. एक कप्पा कमी भरलाय आणि जादाचे ट्रे बाजूला काढून ठेवलेत.